वाणातला अंक

अंगणात केळीचे घड टेम्पोत भरणं चालू होतं. व्यंकटराव उभ्या उभ्या चहा पीत मजुरांवर ओरडत होते. सरजाबाई ओसरीत सूप घेऊन तिळातले खडे वेचत होत्या. दोघांची थोरली सून पुनम नांदेडची बस चुकू नये म्हणून घाईनं डबा भरत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

फोन लातूरहून होता. 'मांजरथडी' या त्रैमासिकाचे संपादक श्रीमंतसर बोलत होते. पुनमनं पाठवलेलं छायाचित्र संक्रांत विशेषांकाच्या मुखपृष्ठासाठी निवडलं होतं.

"बरं सर. आभारी आहे," ती म्हणाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना परीक्षानळ्या मोजून देताना ती याच आवाजात बोलायची.

पुनम रसायनशास्त्राची पदवीधर. नवरा बजरंग शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेला, तेव्हापासून तिच्या आत काहीतरी बंद पडलं होतं. दुःख म्हणावं तर तेही नीट जाणवत नव्हतं. भूल दिलेला दात तोंडात आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही. तसे तिचे दिवस जात होते. फोटो काढणं तेवढं उरलं होतं. फोनच्या चौकटीतून पाहिलं की वस्तू पुन्हा स्पष्ट दिसायच्या.

हा फोटो गेल्या संक्रांतीचा. धाकटी जाऊ साक्षी हिचं हळदीकुंकू बैठकीत रंगलं होतं आणि पुनम आत तिळगूळ वळत होती. दाराच्या चौकटीतून तिला नुसते हात दिसले. हिरव्या बांगड्यांचा एक हात कुंकवाचा करंडा पुढं करत होता, समोर दुसरे हात ओंजळ धरून होते. तिनं तिळाचे हात पुसले आणि फोटो काढला.

अंकासाठी पाठवताना तिनं खाली टीप लिहिली होती : 'हा फोटो स्वयंपाकघराच्या दारातून काढला आहे. मी विधवा असल्यामुळे मला बाहेर बसता येत नाही.' तिला तक्रार करायची नव्हती. प्रयोग लिहिताना उपकरण कुठं ठेवलं होतं ते लिहायचं असतं, त्या सवयीनं तिनं लिहिलं होतं.

संध्याकाळी घरी सांगितलं, तेव्हा साक्षी टाळ्या पिटत नाचली. "ताई, माझा हात छापून येणार! आधी सांगत्या तं नेलपालिश लावलं नसतं का मी?"

पुढच्या आठवड्यात श्रीमंतसरांचा पुन्हा फोन आला. पुनम प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होती.

"पुनमताई, एक अडचण आलीय. इथल्या एका महिला मंडळानं आपला अंक संक्रांतीच्या वाणासाठी घेतलाय. सवाष्णींना हळदीकुंकवासोबत तो लुटणार. अध्यक्षबाईंना मुखपृष्ठ फार आवडलं. पण मग त्यांनी तुमची टीप वाचली."

"मग?"

"मला व्यक्तिशः काही वाटत नाही हो. माझं या वेळचं संपादकीय याच प्रथेवर आहे. पण वाणाची वस्तू म्हटलं की बायका बिचकतात. तेव्हा टीप गाळू आणि छायाचित्र तुमच्या जाऊबाईंच्या नावानं देऊ. फोटोत हात त्यांचेच आहेत ना? सत्यमरावांचा नंबर मिळवून त्यांच्याशी बोललोय मी. ते हो म्हणाले."

सत्यम म्हणजे साक्षीचा नवरा, पुनमचा दीर.

"फोटो मी पाठवला होता, सर. त्यांना का विचारलंत?"

"घरातल्या कर्त्या माणसाला विचारलेलं बरं असतं, ताई."

"रात्री कळवते," पुनम म्हणाली आणि राहिलेली भांडी धुऊन पालथी घातली.

घरी जेवणं चालली होती. पुनमनं विषय काढताच सत्यम हसला.

"वहिनी, नाव छापून तुमाला काय झेडपीला उभं राहायचं हाय का?"

"चेष्टा नगं करू रे," सरजाबाई म्हणाल्या. सासूबाई वाईट नव्हत्या. बजरंग गेल्यावर महिनाभर त्यांनीच पुनमला घास भरवले होते. "पण माय, साक्षीचं नाव आलं तरी घरातच राहिलं न्हवं? सवाष्णींच्या वाणात कशाला आपलं..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

"जनरीत हाय पोरी," व्यंकटराव ताटाकडं बघत म्हणाले. "आपुन काय केली न्हाई."

भाकरी वाढता वाढता साक्षी थांबली. "पण फोटो ताईनं काढला ना? मला कुणी इचारलं कसा काढला, तं मी काय सांगू? हात तं माझा करंड्यात होता."

"तू वाढ," सत्यम म्हणाला.

पुनमनं पाण्याचा पेला खाली ठेवला. राग येईल असं तिला वाटलं होतं. तो आला नाही.

"मामंजी, माझं नाव न्हाई तं फोटो बी न्हाई."

तिनं तिथंच बसून संपादकांना लिहिलं : 'छायाचित्र छापण्याची परवानगी मी मागे घेत आहे.' थोड्या वेळानं उत्तर आलं : 'ताई, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका.' भावना कुठं सापडते का, ते तिनं स्वतःत जरा वेळ शोधलं. मग फोन बंद केला.

अंक निघाला. मुखपृष्ठावर सुगडं आणि उसाच्या कांड्यांचं रंगीत चित्र होतं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी साक्षीचं हळदीकुंकू होतं. तिच्या मावशीनं लातूरहून वाणात मिळालेला अंक आणला होता. तो बैठकीत हातोहात फिरू लागला. आत तिळगूळ वळणाऱ्या पुनमला एकीचा आवाज ऐकू आला : "'विधवेला सन्मान कधी?' लई छान लिहिलंय बाई संपादकानं!"

"हाव ना. डोळ्यात पाणीच येतंय," दुसरी म्हणाली. "द्या इकडं, पर्समधी ठेवते. सुनेला वाचाया देईन."

पुनम दाराशी आली. गेल्या वर्षी ती इथंच उभी होती. तेव्हा आपण बाहेर का नाही, हा प्रश्नच तिला पडला नव्हता. आता मात्र चौकटीत पाय ठरेना. तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि बैठकीत जाऊन सतरंजीच्या कडेला बसली.

साक्षी करंडा घेऊन ओळीनं येत होती. ती पुनमसमोर आली आणि तिचा हात हवेतच राहिला.

"साक्षी, पुढं चल," सरजाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. मग पुनमकडं वळून, जवळजवळ विनवणीच्या सुरात, "पुनम, आत शेगडी चालू हाय माय."

"बंद केली, आत्याबाई."

"लोकं बघून राहिलेत."

"बघू द्या." पुनमनं साक्षीकडं पाहिलं. "मला कुंकू नगं. ते लावायचं का न्हाई, माझं मी ठरवीन. मी फकस्त हितं बसणार हाय."

साक्षीची बोटं कुंकवानं लाल झाली होती. तिनं करंडा खाली ठेवला, ताटातला तिळगूळ घेतला आणि पुनमच्या तळहातावर ठेवला. "घ्या ताई. गोड बोला."

लातूरची मावशी उठली. तिच्यामागं आणखी काहीजणी उठल्या. कुणाला स्वयंपाक आठवला, कुणाला घरी ठेवलेलं लेकरू. अंक पर्समध्ये ठेवलेली बाईही गेली. सरजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. तो सुनेसाठी होता की गेलेल्या बायकांसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाहेर ओट्यावर, चपलांच्या शेजारी, शेजारची नागुबाई बसली होती. नवरा जाऊन तिला जमाना झाला होता. दरवर्षी ती सुनेला घेऊन यायची आणि तिचं आटपेपर्यंत बाहेरच थांबायची. आत बसावं असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि तिनंही कधी म्हटलं नव्हतं.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. उंबऱ्यापाशी थोडी घुटमळली. मग आत आली, रिकाम्या झालेल्या सतरंजीवरून हळूहळू चालत पुनमपाशी पोचली.

"सरक गं जराशी," ती म्हणाली.