काकडी चावल्याचा आवाज

घशाच्या ऑपरेशनपासून माझ्या नवऱ्याचं, यूनुसचं जेवण पोटात लावलेल्या नळीतून जातं. तरी मोबाइलवर लिहून त्याने मागितलं काय, तर कुवेतच्या मेसमधलं, शेपू घातलेलं काकडीचं लोणचं! "तू खा, मी ऐकतो," म्हणे.

शेपूची जुडी आणली, काकड्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या. लोणच्याला ऊन दाखवायचं, एवढंच मला ठाऊक. म्हणून बरणी गच्चीवर ठेवली. आज त्याच्याजवळ बसून काकडी चावली, तर उन्हाने मेलीचा पार लगदा झालेला. आवाजच नाही! तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. या अल्लाह, एवढंही जमू नये मला?

धावत जाऊन कच्ची काकडी आणली आणि त्याच्या कानाशी कचाकचा चावली.

डोळे मिटून यूनुस तोंडाला सुटलेलं पाणी गिळायची धडपड करत होता.