मोहियोद्दीनची हाक

मोहियोद्दीनने सांध्याचा शेवटचा बोल्ट सोडवून पाटीत टाकला आणि तो पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. गँगच्या दहा जणांनी वाकून रुळाला चिमटे लावले. आता फक्त त्याच्या हाकेचा अवकाश होता.

रूळ नुसत्या ताकदीने उठत नाही. मुकादमाने "लगाव जोर" म्हणायचं, गँगने "हय्या" करायचं, आणि त्या हय्यावर दहाही पाठी एकदम सरळ व्हायच्या. एकाने घाई केली तर शेजारच्याची कंबर गेलीच. निजामाच्या काळात कापसाच्या गाठी वाहायला ही लाईन पडली ती अशाच हाकेवर. आता गाठी ट्रकने जाऊ लागल्या, म्हणून ती उखडणंही तसंच चाललं होतं. मालगाडी बंद झाल्याचं सुतक कुणी पाळलं नव्हतं. गँगने इथवरचे रूळ मुकाट उचलले होते. पण पुलाची गोष्ट वेगळी होती. पावसाळ्यात नदी भरली की पलीकडच्या वस्त्यांना बाजार, दवाखाना, सगळं या पुलावरूनच. आज रूळ निघाले की उद्या गर्डर निघणार होते.

"कसली वाट बघतोस?" कामावरचे साहेब नानासाहेब छत्रीखालून म्हणाले. "पूल उतरला की जालन्याच्या गँगवर तुझं नाव. नाहीतर बस घरी."

मोहियोद्दीनने पहिल्या चिमट्यावरच्या त्रिंबककडे पाहिलं. त्रिंबकची वस्ती पलीकडे होती. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत याच माणसाने त्याला आणि त्याची बायको जोहराला आपल्या मेंढवाड्यात लपवून भाकरी पोचवली होती. त्याची परतफेड आता ही अशी व्हायची होती. मोहियोद्दीनला स्वतःचीच किळस आली.

"त्रिंबक, माफ कर भाई," तो हळूच म्हणाला. "पोरं हायेत घरात."

"मला ठावं हाय. तू दे हाक."

त्याने डोळे मिटले.

"लगाव जोर!"

हय्या आलंच नाही. त्याने डोळे उघडले. दहाही पाठी होत्या तशाच वाकलेल्या.

"पुन्हा!" नानासाहेब ओरडले.

"लगाव जोर!"

कुणीतरी खोकलं, बस्स. मग नानासाहेबांनी छत्री मिटून स्वतःच हाक दिली. ती इतकी किरटी निघाली की गँगमधल्या सांडूला हसू आवरेना.

"उचलत का नाही रे?"

"सायेब, आमी कुठं नाय म्हणतो?" त्रिंबक वाकल्या वाकल्याच बोलला. "पर अंगात जोरच येईना आज."

नानासाहेब मोहियोद्दीनवर उखडले. "तुझ्या आवाजातच दम नाही! नीट दे!"

मुकादम झाल्यापासून त्याच्या हाकेवर रूळ उठला नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. एरवी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज मात्र ऊर आनंदाने भरून आला. त्याने घसा खाकरला, कानावर हात ठेवला आणि अशी हाक दिली की पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाया उठून पाहू लागल्या. रूळ तसूभरही हलला नाही.

मोहियोद्दीन अदबीने साहेबांकडे वळला.

"अजून जोरात देऊ का, सायेब?"