हाल्व्हरच्या मयताचं जेवण

आमच्याकडं मोंटानाच्या माळावर शेजाऱ्याची खुशाली धुरावरून घेतात. सकाळी उठायचं, खिडकीवरचं बर्फ नखानं खरवडायचं आणि पलीकडच्या टेकाडाकडं बघायचं. धुराडं धुमसतंय म्हणजे माणूस जिता.

त्या दिवशी हाल्व्हर लीनचं धुराडं गप होतं.

बघितलं बर्था क्वामनं. दुसऱ्याच्या छपरावर तिचा डोळा असा की स्वतःचं दूध उतू गेलं तरी चालतं. तिनं फोन केला, म्हाताऱ्यानं उचलला नाही. मग जाऊन बघायचं का नाही? तर बाईनं आधी बिलिंग्ज शहरात त्याच्या लेकीला फोन लावला आणि नंतर बटाटे सोलायला घेतले. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, शेजाऱ्यांनी भांडी भरून न्यायची. भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवायची, म्हणजे रडून झाल्यावर ज्याचं भांडं त्याला पोचतं.

लेकीचं, मार्डेलचं, नाताळातच बापाला बजावून झालं होतं, "बा, ज्या दिवशी धूर दिसायचा न्हाई त्या दिवशी मी येनार आन तुला घिऊन जानार." न्यायचं कुठं, तर शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात. तिथं कुत्री चालत नाहीत. हाल्व्हरकडं तर दोन होती. टक बहिरा, बिर्ना आंधळी. मेंढ्या कधीच विकल्या होत्या. राखणारे तेवढे उरले होते.

दुपारी आम्ही पाच घरची माणसं तोंडं लांब करून त्याच्या अंगणात उतरलो. मढं ओसरीत खुर्ची टाकून बसलं होतं. अंगात नुसता सदरा, मांडीवर बिर्नाचं डोकं, पायाशी टक. बर्फखाऊ वारा सुटलेला. रात्री थंडीनं भिंतीतले खिळे ताडताड वाजत होते आणि पहाटे डोंगरावरून ऊन ऊन वारा उतरून छपराच्या पागोळ्या लागल्या होत्या. वारा फिरल्याचं आम्हाला सगळ्यांना कळलं होतं, पण चूल पेटवायची खोड कुणाची सुटली नव्हती. त्याची सुटली, म्हणून तो आमच्या लेखी मेला.

"कोन गेलं रं?" हाल्व्हरनं आमच्या हातातली भांडी बघून विचारलं.

"तूच की," मी म्हणालो.

"आरं तिच्या! मग जेवून घिऊ या."

त्यानं एकेक झाकण उघडून चाखलं. "बर्थे, लोनी राखून घातलंस की गं. माज्या मयताला बी?"

"फोन का उचलला न्हाईस म्हाताऱ्या?" बर्था लाल झाली. "हितं आमचा जीव वर आला!"

"भाईर ऊन होतं. हिचे सांधे आखडल्यात, घटकाभर निवांत पडली होती. तिला उठवून फोन घ्यायचा व्हय?"

तेवढ्यात मार्डेलची गाडी आली. रडून डोळे सुजलेले. बाप तोंडात बटाटा धरून बसलेला दिसला तसं रडं आटलं आणि राग चढला.

"चल. कपडे भर. ठरलंय आपलं."

"आगं पर मी मेलो कुटं?"

"आज न्हाई मेलास. उद्या न्हानीत पडलास तर? ह्यो बहिरा आन ही आंधळी, काय करनार हायेत?"

हाल्व्हरनं बिर्नाच्या कानामागं खाजवलं. "काय करनार. बसतील जवळ. तुज्या त्या घरात कोन बसंल?"

आम्ही सगळे उगाच भांड्यांत बघत राहिलो.

"पोरी, ह्येंनी माजी मेंढरं राखली. तुजी आय गेल्यावर मला राखलं. आता ह्येंच्यानं काय हुत न्हाई. सकाळी उटत्यात, वारा कुटनं येतोय वास घेत्यात, पुन्ना झोपत्यात. मी बी त्येच करतो. बरं चाललंय गं आमचं. घरात आवाज न्हाई, त्येची सवय झालीया." मग म्हणाला, "ही दोगं हायती तवर मला हलवू नगं. मागनं कुटं बी ने. मी हू का चू करनार न्हाई."

मार्डेलनं बापाच्या कुत्र्यांकडं बघितलं. टकच्या तोंडात दात उरले नव्हते, बिर्नाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. हिशेब तिलाही कळत होता. "बरं," ती म्हणाली. दिवस कलायच्या आत निघाली, कारण वारा पडला की वितळलेलं पाणी गोठून रस्त्याची काच होते. गाडी वळणाआड गेली तरी म्हातारा दारातच उभा होता.

आता माझं डोकं चालायला लागलं. माझ्या कुत्रीला नुकतीच पिल्लं झाली होती. एक उचलून मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं गेलो. वारा उलटला होता, उत्तरेकडनं सुया टोचत होत्या.

"हाल्व्हर, ह्ये घे. नवं कुत्रं आलं की करार लांबला. मार्डेल काय बोलंल? कुत्री हायती तवर, आसंच ठरलंय न्हवं?"

तो हसला. पिल्लू हातात घेतलं, कोटाच्या आत धरलं, त्याच्या नाकाला नाक लावलं. बराच वेळ. मग परत माझ्या हातात दिलं.

"डोकं हाय रं तुजं, पेदर. पर ह्ये माज्या मागं ऱ्हाईल. मग ह्येनं कुनाच्या दारात बसायचं?"

त्यानं बिर्नाला उचललं, पायऱ्या उतरून खाली बर्फात ठेवलं. टक आपला आपण मागनं आला. मग तिघंही उत्तरेकडं तोंड करून, डोळे बारीक करून वाऱ्याचा वास घेत उभी राहिली. मी पिल्लू सदऱ्यात घालून घराकडं निघालो.