तिरक्या छापाचं नाणं

मुलीनं मुठीतली पुडी सोडून नाणं काउंटरवर ठेवलं. औषधांच्या दुकानातल्या काकूंनी ते चष्म्याजवळ नेलं. टाकसाळीत काहीतरी चुकून त्याच्यावरचा छाप तिरका पडला होता.

"बाबा आले की सुट्या पैशांत सरकवा, नेहमीसारखं," मुलगी म्हणाली. "आणि काकू, हे बरंच महाग पडलंय हं."

"सांगू नकोस बाई, माझा हात थरथरेल."

आई गेल्यापासून बाबांचं घराबाहेर पडणं जवळजवळ थांबलं होतं. पूर्वी हातात आलेलं प्रत्येक नाणं, प्रत्येक नोट ते उलटसुलट करून बघायचे आणि काही वेगळं दिसलं की बायकोला हाक मारायचे. मध्यंतरी गोळ्या आणायला गेले, तेव्हा काकूंनी परत दिलेल्या पैशांत त्यांना एक जुनं नाणं मिळालं. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. तेव्हापासून मुलगी अशी नाणी विकत घेऊन काकूंकडे ठेवू लागली. बाबा ते नाणं घेऊन घरी येत, ओल्या फडक्यानं पुसत आणि पुढच्या गोळ्या संपेपर्यंत पुन्हा खोलीत बसून राहत.

या खेपेला मात्र घोटाळा झाला. दुकानात गर्दी होती. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका बाईंना काकूंनी गडबडीत नेमकं तेच नाणं दिलं. लक्षात आलं तोवर बाई दिसेनाशा झाल्या होत्या.

थोड्या वेळानं बाबा आले. गोळ्या खिशात टाकून त्यांनी सुटे पैसे तळहातावर पसरले, एकेक नाणं उलटं केलं.

"आज काही नाही."

"नाही ना," काकू पुटपुटल्या.

रविवारी मुलगी आली, तेव्हा काकूंनी सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला.

"बाबा हिरमुसले असतील."

"हिरमुसले कसले! दुसऱ्या दिवशी परत हजर. कापूस घेतला. त्यानंतर बँडेज. म्हटलं, लागलंय का कुठं? तर म्हणतात, लागेल कधीतरी. सुटे मोजून बघतात आणि 'उद्या बघू' म्हणून जातात."

"म्हणून कपाटात एवढा कापूस!"

इतक्यात रस्त्यावरून फळवाल्याचा आवाज आला.

"अहो आजोबा, दोन केळी आणि एवढी मोठी नोट? सुटे काय झाडाला लागतात?"

"धंदा मांडलाय ना? मग सुटे ठेवायला नकोत?" हा आवाज बाबांचा होता. "आणि त्या डब्यातलं द्या. खालचं, खालचं!"

"सकाळी पण तुम्ही हेच केलंत!"

"मग आता सवय झाली असेल तुम्हाला!"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. काकू लगबगीनं उठल्या.

"अगं, जा, सोडव त्यांना. नाहीतर तो केळी परत घेईल."

मुलगी दारापर्यंत गेली. बाबांचा सदरा चुरगळलेला होता, मान ताठ होती आणि हातवारे जोरात चालले होते. ती चौकटीला टेकून उभी राहिली.

"थांबा काकू," ती हळूच म्हणाली. "भांडू द्या त्यांना जरा."