गुळगुळीत महाराज आणि चार चाकांची हवा

त्या रविवारी सकाळी पूर्णा गावातल्या गोडाऊनांमागच्या मैदानात गाड्यांची ही भली मोठी रांग लागली होती आणि प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर एकेक नारळ ठेवलेला होता. रांगेच्या तोंडाशी मांडव घातला होता, मांडवात गादी होती आणि गादीवर श्री गुळगुळीत महाराज विराजमान झाले होते. डोकं गुळगुळीत, गाल गुळगुळीत, आणि जिभेला तर वंगणच लावलेलं.

"भक्तहो!" महाराज माइकवरून गर्जले. "खड्डा रस्त्यात नसतो, खड्डा मन में होता है! तो मनातून उतरतो स्प्रिंगमध्ये आणि स्प्रिंगमधून चढतो तुमच्या कमरेत! गाडीला जडलाय वायुदोष. हम वायु को शांत करेंगे!"

"गुळगुळीत महाराज की जय!" मैदान दुमदुमलं.

महाराजांची कृपा पुढीलप्रमाणे होई. शिष्य मोरू आधी भगव्या फडक्याखाली झाकलेलं एक यंत्र चारही चाकांना लावी. यंत्र घरघरायचं. महाराज म्हणत, "ओंकार चालू आहे, गाडीची कुंडली निघते आहे." मग डॅशबोर्डवर ताकाचा काठोकाठ भरलेला पेला ठेवून गाडीची मैदानाला एक फेरी होई. ताक काचेवर, सीटवर, मालकाच्या मिशीवर. मग गाडी जॅकवर चढे आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये महाराजांनी मंतरलेलं 'सिद्ध रबर' ठोकून बसवलं जाई. शेवटी प्रत्येक चाकापाशी वाकून मोरू कुंकू लावी आणि तेवढा वेळ महाराज शंख फुंकत. मग पुन्हा ताक, पुन्हा फेरी. आणि काय आश्चर्य! थेंब सांडत नसे.

यजमान होते दौलतशेठ. त्यांच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली, भाडं येऊ लागलं आणि दारात ऐसपैस गाडी आली. इथवर सगळं ठीक होतं. पण मुलगा भावेश याला ती गाडी 'म्हातारी' दिसायची. त्याने कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या. गाडी चार बोटं खाली बसली आणि मित्रांनी फोटो काढले. त्या दिवसापासून दौलतशेठची बायको हौसा हिची कंबर गेली.

"ही गाडी हाय का उखळ?" हौसा म्हणायची. "खड्डा आला की मी वर, टप आला की मी खाली!"

"आये, रेसिंगच्या स्प्रिंगा हायेत त्या."

"मंग मना काय अंजूरफाट्याला रेस लावायची हाय?"

दिघाशीला बहिणीकडे जाणं तिने सोडून दिलं. डॉक्टरांनी पट्टा दिला, शेक सांगितला. भावेशला जुन्या स्प्रिंगा परत टाकायला लाज वाटत होती आणि दौलतशेठना मुलाला बोलायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात महाराज उगवले. कुणाचीच चूक न काढता सगळं बरं करणारा माणूस कोणाला नको असतो?

तर त्या दिवशी पहिला मान दौलतशेठच्या गाडीचा. मागच्या सीटवर हौसा बसली. पहिल्या फेरीत तिला काशी दिसली. दुसऱ्या फेरीत मात्र तिने दात आवळून घेतले, खड्डा आला आणि... गेला. कंबर गप्प. तिचा तिलाच विश्वास बसेना.

"बघ!" दौलतशेठ पुढून वळून म्हणाले. "आता तरी हात जोड."

हौसाने खरोखर हात जोडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा दुखलं नव्हतं, मग काय करणार? पण वळणावर गाडी चिखलातल्या म्हशीसारखी डुलली. ते तिला चमत्कारिक वाटलं. उतरताना तिची नजर चाकाकडे गेली. टायरचं पोट सुटलं होतं.

हौसा खारबावची. बापाचं स्टेशनबाहेर भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं आणि पंप मारत मारतच ती लहानाची मोठी झाली होती. कमी हवेची सायकल कशी गादीवर बसल्यागत चालते आणि चार दिवसांत तिची ट्यूब कशी फाटते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ती जाऊन पुढच्या गाडीपाशी उभी राहिली. रबर बसलं. मोरू चाकापाशी वाकला. महाराजांनी गाल फुगवून शंख फुंकला, आणि मोरूच्या बोटांतलं कुंकू आपोआप भुर्रकन उडून त्याच्याच तोंडावर बसलं.

"चाकानं कुंकू उधळलं!" कोणीतरी ओरडलं. "साक्षात देवी!"

लाल तोंडाचा मोरू शिंकला.

"देवी कुठली?" हौसा पुटपुटली. "हवा हाय ती."

एवढ्यात माइकवरून पुकारा झाला, "आता तुळशीरामची व्हॅन!" हौसाने झटकन व्हॅनकडे पाहिलं. तुळशीराम रोज चौदा बायका भरून हायवेवरच्या गोडाऊनला शिफ्टला सोडायचा. भरलेली व्हॅन, तापलेला रस्ता आणि अर्ध्या हवेची चाकं! यजमानाच्या बायकोने तमाशा केला तर नवऱ्याचं नाक कापलं जाणार, हे तिला कळत होतं. पण त्या चौदाजणींत निम्म्या तिच्या आळीतल्या होत्या.

"थांबा!" ती ओरडली. "तुळशीराम, हवा मोजायचा काटा हाय ना तुझ्याजवळ? आण इकडं."

"अगं, काय करतेस?" दौलतशेठ धावले.

"हवा मोजतेय. पाप हाय का?"

महाराजांनी डोळे मिटले. "माता, सिद्ध चाकाला काटा लावला तर अनर्थ होईल. वायु क्रोधित हो जाएगा."

"होऊ दे," हौसा म्हणाली.

तुळशीरामने दौलतशेठच्या गाडीला काटा लावला, पाहिला, पुसला, पुन्हा लावला. "काकी, सोळा! बत्तीस पायजे!" आता तो स्वतःहून रांगेत मागे उभ्या असलेल्या गाडीकडे धावला. तिची नुसती कुंडली निघाली होती. "आणि हिच्यात अठ्ठेचाळीस!"

हौसाने भगवं फडकं ओढलं. खालून निघाला टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप.

"हा तुमचा ओंकार!" ती म्हणाली. "आधी हवा ठासून भरायची, म्हणजे गाडी दगडागत उडते. मंग शंखाच्या आवाजात सोडायची, म्हणजे मऊ लागते. रबर नुसता देखावा."

"पण मंत्राची शक्ती..." महाराज म्हणाले.

"मंत्र मी पण म्हणतेय." हौसा त्या अठ्ठेचाळीसवाल्या गाडीपाशी पदर खोचून बसली, आगकाडीने व्हॉल्व्ह दाबला आणि डोळे मिटून मोठ्याने रस्त्यावरच्या गावांची नावं मंत्रासारखी म्हणू लागली, "ओम अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, नमो नमः!" फुस्स् आवाज साऱ्या मैदानाने ऐकला. चारही चाकं झाली. सिद्ध रबर नाही, शंख नाही. ताकाचा पेला ठेवून फेरी मारली. थेंब सांडला नाही. मग दौलतशेठच्या गाडीत बत्तीस हवा भरली, सिद्ध रबरासकट फेरी मारली. ताक दौलतशेठच्या मांडीवर!

रांगेत गॅरेजवाला हिरामण होता, गिऱ्हाईक का घटलंय ते बघायला आलेला. लोकांनी त्यालाच पुढे ढकललं.

"स्प्रिंगेत रबर ठोकला की स्प्रिंग कमी दबते," तो म्हणाला. "म्हणजे गाडी मऊ न्हाय, कडक होते. रोज वजन वाहून मागून बसलेल्या गाडीला त्याचा उपयोग हाय. कंबरेला न्हाय. आणि कमी हवेवर हायवेला पळवली, तर टायर तापून फाटतो. मंग ताक सांडायला पेला पण ऱ्हात न्हाय."

"मंग आमच्या गाडीला करायचा काय?" दौलतशेठनी ताक झटकत विचारलं.

हिरामणने भावेशकडे पाहिलं. "कंपनीच्या स्प्रिंगा हायेत ना घरी?"

भावेश खाली बघत म्हणाला, "माळ्यावर हायेत. माझीच चूक, आये. मना वाटलं, नवीन टाकला म्हणजे चांगलाच असणार."

या गडबडीत महाराज मोरूला घेऊन आपल्या जीपकडे सटकले. जीप सुरू झाली आणि पहिल्याच खड्ड्यात 'कुंई... खडाळ्' करून किंचाळली. महाराजांचं गुळगुळीत डोकं टपावर आपटलेलं सगळ्यांनी पाहिलं.

"महाराज, मनातला खड्डा!" तुळशीराम ओरडला. लोक हसले, पण हसून थांबले नाहीत. चार तरुणांनी जीप अडवली, घेतलेली दक्षिणा लोकांसमोर परत करायला लावली आणि जोडगोळीला पोलीस चौकीत नेलं. तुळशीराम दुपारपर्यंत एकेका गाडीची हवा मोजून भरत होता.

पुढच्या आठवड्यात हिरामणने जुन्या स्प्रिंगा बसवल्या, झिजलेले शॉकअप बदलले आणि हौसाला घेऊन भावेश दिघाशीला गेला. खड्डे लागले. खड्डे आहेत, तर लागणारच. पण ती बहिणीच्या दारात आपल्या पायांनी, न कण्हता उतरली.

बहिणीने सगळी हकिकत ऐकून विचारलं, "तुला भ्या न्हाय वाटला? खरोखर शाप लागला असता तर?"

"वाटला ना," हौसा म्हणाली. "मीच पहिली हात जोडून बसलेली. पण चाकात हवा किती, ते बघायला शाप कशाला लागंल?"

वाचकहो, हौसा शहाणी होती म्हणून फसली नाही असं नाही. तीही फसली होती, पण फसल्यावर तिने वाकून पाहिलं. तुमच्या गावातही उद्या कोणी गुळगुळीत माणूस येईल. तो गाडी बरी करेल, नाहीतर गुडघा, नाहीतर नशीब. त्याला हाकलण्याआधी आणि त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: आधी किती होतं, नंतर किती झालं आणि मोजलं कोणी? खरी गोष्ट मोजल्याने खोटी होत नाही. आणि मोजू नका असं जो सांगतो, त्याच्या गाडीत बसू नका.