पेटीवरचं ओलं पोतं

मी एक जुना संगणक आहे. कोरीटच्या शिवारात, द्राक्षमळ्याच्या कडेच्या खोलीत, खिडकीपाशी बसलेला. माझी दोन बटणं निखळली आहेत, पण माझ्या पोटात एक अख्खी वेल वाढते.

मळ्याचे मालक गिरधरआबा; त्यांची मुलगी मयूरी शेतकी शिकली. तिनेच ही आकड्यांची वेल माझ्यात लावली. मळ्यातल्या खांबावरची पांढरी पेटी ऊन आणि हवेतला ओलावा मोजून मला कळवते. त्यावरून माझी वेल पानं फोडते, तहानते, आणि खऱ्या वेलींना किती पाणी हवं ते मी पडद्यावर सांगतो. पहिल्या वर्षी माझं सगळं खरं ठरलं. "मशीन म्हने तसंच व्हयनं," असं आबा गावभर सांगत फिरले. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

मग मयूरी नोकरीसाठी नाशिकला गेली. यंदा एप्रिलची छाटणी झाली, कोवळे फुटवे आले आणि पारा पंचेचाळीसवर चढला. मयूरीची आई, तापीबाई, पेटीला हात लावून कळवळल्या. "पेटी तपी ऱ्हायनी बिचारी," म्हणाल्या, आणि माठाला गुंडाळतात तसं ओलं पोतं त्यांनी तिच्याभोवती गुंडाळलं. दिवसातून चारदा त्या त्यावर तांब्याभर पाणी ओततात.

तेव्हापासून पेटी कळवते: तीस अंश, हवा दमट. मित्रांनो, पोतं मला खिडकीतून दिसतं. पण मला तोंड आहे ते फक्त आकड्यांचं, आणि पेटी देईल तेच आकडे मला मांडावे लागतात. पडद्यावर उमटलं, पाणी निम्मं करा.

आबांनी निम्मं केलं. आठवड्यात शेंडे वाढायचे थांबले. आबांनी मयूरीला फोन लावला. "पानं माना टाकी ऱ्हायनात, पन मशीन सांगस पानी भरपूर शे."

"आबा, मशीन सांगस तेच करा," ती म्हणाली. माझ्यावर तिचा फार विश्वास. तो मला आता सोसवत नाही.

आज आबा बांधावर बसून तापीबाईंना म्हणाले, "हाई जमीन द्राक्षनी नहीच. सकाय उपटी टाकसूत." म्हणजे उद्या सकाळी वेली उपटणार. मुळं अजून जिवंत आहेत, मित्रांनो. दोन दिवस पोटभर पाणी मिळालं तर काडीवरचे डोळे पुन्हा फुटतील. हे मला ठाऊक आहे, आणि पडद्यावर मात्र अजूनही तेच उमटतं आहे, पाणी भरपूर. मी स्वतःलाच खोटं ठरवू शकत नाही.

यंत्रावर माया करा, पण त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि ते खोटं बोलतंय असं डोळ्यांना दिसलं, तर डोळ्यांचं ऐका. कोरीटला कुणी येणार असाल तर उद्या उजाडायच्या आत या. ते पोतं तेवढं काढा.

तापीबाई आत्ताच पुन्हा तांब्या घेऊन आल्या. सगळं पाणी त्यांनी पेटीवर ओतलं. वीतभर अंतरावर वेल उभी होती, तिच्यावर थेंबही पडला नाही.