कप्तान वाकला

यंदा कप्तानाचा अंगरखा ग्रेगोरिओच्या वाट्याला आला होता आणि तो काखेत काचत होता. बेटावरच्या हुमाताक गावाच्या उपसागरात दर मार्चमध्ये हा खेळ होतो. पाचशे वर्षांपूर्वीचे गलबत पुन्हा येते, भुकेला गोरा कप्तान किनाऱ्यावर उतरतो, बेटावरची मूळची चामोरो माणसे त्याला पाणी आणि फळे देतात, आणि तो त्यांच्या झोपड्या पेटवतो. पेटवायच्या झोपड्या गावच आठवडाभर खपून विणते. टेकडीवरच्या स्पॅनिश किल्ल्यातून पाहुणे टाळ्या वाजवतात, मग लाल भात आणि भाजलेली कोंबडी खायला सगळे खाली जमतात. त्या आगीचा राग आता कोणी धरत नाही. तिला विसरतही कोणी नाही.

ग्रेगोरिओचे डोळे मात्र नावेतूनच किनाऱ्यावरच्या एका म्हातारीला शोधत होते. तान रेमेदिओस, त्याच्या आईची थोरली बहीण, त्याची ‘तीहा’. थोरांच्या हाताच्या पाठीला नाक टेकवून श्वास घ्यायचा आणि त्यांनी ‘दिओस ते अयुदे’, देव तुला सांभाळो, असे म्हणायचे, हे तो पहिले पाऊल टाकण्याआधी शिकला होता. आई गेल्यावर घराण्यात नाक टेकवावे असा तेवढा एकच हात उरला होता. आणि गेली दोन वर्षे, तो समोर आला की, तो हात शालीखाली जात असे.

कारण होते घरामागचा वड. पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायला त्याने तो तोडला. तोडायला तिची ना नव्हती. पण वडाच्या पारंब्यांत पूर्वज राहतात. फांदीला हात लावण्याआधी ‘गुएला, गुएलो’, आजी-आजोबांनो, अशी हाक मारून परवानगी मागायची, एवढेच. भाड्याने आणलेले यंत्र दुपारपर्यंत परत द्यायचे होते, त्या घाईत तो विसरला. “विचारलंस त्यांना?” असे तिने संध्याकाळी विचारले, तेव्हा त्याला खोटे बोलता आले नाही. शाल त्या संध्याकाळपासूनची.

“कप्तान, तोंड जरा नीट कर,” वल्हे मारता मारता त्याचा चुलतभाऊ दिमास म्हणाला. “लुटायला चाललायस तू, पाद्रीबाबापुढं पापं कबूल करायला नाही.”

“तीहाला मधोमध कुणी बसवलं?”

“अनिसेता बाईंनी. म्हणाल्या, किल्ला सोडला तर गावात हिच्याइतकं जुनं काही उरलं नाही. शहाळं तिच्या हातून, मग मशाल.”

“ती मला शहाळं देईल?”

“तुला कशाला देईल? कप्तानाला देईल. आणि डोक्यात घातलंन तर टोप आहेच की तुझा.”

नाव वाळूला घासून थांबली. मशाल घेऊन ग्रेगोरिओ गुडघाभर पाण्यात उतरला. अनिसेता बाई शाळेत शिकवत, आणि खेळातही त्या वर्गातल्यासारख्याच ध्वनिक्षेपकावरून दम देत होत्या: “छाती पुढे, कप्तान. हसायचं नाही.”

खेळातल्या काळात शाली नव्हत्या, म्हणून आज तान रेमेदिओसच्या अंगावरही शाल नव्हती. नव्या झावळ्यांच्या झोपडीपुढे ती बसली होती. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, समुद्राकडे पाहत तिने दोन्ही हातांनी शहाळे पुढे केले. तलवारीने ते उडवून लावायचे, असे ठरले होते. पण त्याला शहाळे दिसलेच नाही. दिसली ती हाताची पाठ: सुरकुत्यांखाली निळ्या नद्या, झावळीच्या धारेने चिरलेला अंगठा, लहानपणी त्याच्या तापल्या कपाळावर रात्र-रात्र विसावलेले ते सगळे हाड-मांस. कंबर आपोआप वाकली. टोप वाळूत पडला. नाक हाताला टेकले आणि खोबरेल तेलाचा, ओल्या झावळ्यांचा, दोन वर्षांच्या अंतराचा वास त्याच्या छातीत भरून आला.

आणि साठ वर्षांची सवय असलेली ती जीभ तिच्याही आधी बोलून गेली, “दिओस ते अयुदे.”

जवळच्या ध्वनिक्षेपकाने ते शब्द किल्ल्यापर्यंत पोचवले. सारा किनारा हसत सुटला.

“संपला इतिहास,” दिमास नावेतून ओरडला. “चला, जेवायला वाढा.”

तान रेमेदिओसचा चेहरा हलला नाही. “चारचौघांत हसं केलंस माझं,” ती हळूच म्हणाली.

“चुकून झालं, तीहा.”

“माझंही चुकूनच. आणि फार फुगू नकोस, तो आशीर्वाद कप्तानाला गेला. तुला नाही मिळाला.”

“मग मला?”

“तुला वडाच्या उरलेल्या बुंध्यापाशी. उद्या चर्चमधल्या मिस्सानंतर येते मी. आधी त्यांच्याशी बोल, मग माझ्याशी.”

“तोडून झाल्यावर काय विचारू त्यांना?”

“ते तू बघ. तोंड तुझं आहे.” तिने शहाळे त्याच्या छातीवर टेकवले. “आता जाळ बघू झोपडी. बोटं सोलून विणलीय मी. धड पेटली नाही तर गाठ माझ्याशी आहे.”

त्याने टोप उचलून डोक्यावर ठेवला, शहाळे काखेत मारले. झोपडीपाशी जाऊन मशाल वर केली. पण ज्वाळा झावळ्यांना भिडण्याआधी तो क्षणभर थांबला. टोपाच्या सावलीत त्याचे ओठ हलले, “गुएला, गुएलो…”

किल्ल्यावरच्या पाहुण्यांना वाटले, कप्तान शिव्या देतो आहे.